टाट उलटण्याआधी: चालती दुकानं बुडतात कशी?

रामबागेतल्या आमच्या शेजारच्या काकूंना दिवाळीच्या आवराआवरीत कपाटातून एक पाकीट सापडलं. आत पाचशे रुपयांची दोन गिफ्ट व्हाउचर. मुलीच्या लग्नात कुणीतरी दिलेली, जपून ठेवलेली, आणि जपून ठेवल्यामुळेच वाया गेलेली. कपड्यांच्या ज्या साखळीची ती होती तिचं इंदूरमधलं दुकान केव्हाच बंद झालंय, मागोमाग कंपनीही बुडाली. "तू दुकानदारांचे हिशोब बघतोस ना, मग सांग, हे पैसे आता मागायचे कुणाकडे?" काकूंनी विचारलं. उत्तर द्यायला दोन कप चहा लागला. त्या गप्पांत जे सुटलं तेही धरून इथे लिहितोय, कारण हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत बरेच जण विचारतात: एवढी मोठी दुकानं, रविवारी पाय ठेवायला जागा नाही, तरी बुडतात कशी?

आधी दोन शब्दांचा घोळ मिटवू. दुकान बंद होणं वेगळं आणि दिवाळं निघणं वेगळं. पहिल्याला आपण गाशा गुंडाळणं म्हणतो. मुलगा पुण्याला नोकरीला लागला, बाप थकला, राजवाड्याजवळच्या गाळ्याला चांगला भाव आला, तर माणूस गाशा गुंडाळतो. कुणाचं काही बुडत नाही. दिवाळं म्हणजे देणी उभी आहेत आणि ती फेडण्याइतकं जवळ नाही. आमच्या माळव्यात याला 'टाट उलट दिया' म्हणतात. व्यापारी ज्या गोणपाटावर बसून धंदा करायचा ते उलटं टाकलेलं दिसलं की बाजाराने काय ते समजायचं.

आणि दिवाळं निघालं म्हणजे दुकान बंदच होतं असंही नाही. अमेरिकेत जे. सी. पेनी या जुन्या साखळीने मे २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. काही दुकानं बंद झाली, पण उरलेला धंदा सायमन आणि ब्रुकफील्ड या दोन मॉलमालक कंपन्यांनी मिळून विकत घेतला. भाडेकरू बुडाला तर आपलेच मॉल ओस पडतील, म्हणून घरमालकांनी भाडेकरूच विकत घेतला!

आता मुख्य गोष्ट. दुकान गिऱ्हाईक नसल्यामुळे मरतं असं बाहेरून वाटतं. मी इतकी वर्षं वह्या तपासतोय, मला वेगळं दिसतं. पैसे येण्याची तारीख आणि देण्याची तारीख जुळेनाशी झाली की दुकान मरतं. गर्दी असली तरी मरतं.

राजवाड्याजवळच्या एका रेडिमेड कपड्यांच्या दुकानाचा हिशोब घ्या. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत. महिन्याची विक्री ६ लाख. शंभराच्या मालाला सत्तर रुपये खरेदी, म्हणजे मालाचे ४ लाख २० हजार गेले, हातात १ लाख ८० हजार. त्यातून भाडं ६० हजार, चार माणसांचे पगार ५२ हजार, वीज-पाणी-हिशोबनीस वगैरे १८ हजार, बँकेचा हप्ता ३० हजार. बेरीज १ लाख ६० हजार. मालकाच्या घरी गेले २० हजार. एवढ्या झगमगाटात वीस हजार, हे ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही.

आता विक्री फक्त १५ टक्क्यांनी घटली असं धरा. ५ लाख १० हजारांची विक्री, हातात १ लाख ५३ हजार, खर्च तोच १ लाख ६० हजार. मालक सात हजारांनी खड्ड्यात. गंमत अशी की दुकानात पाहिलं तर काहीच बदललेलं दिसणार नाही. आधी शंभर गिऱ्हाइकं यायची, आता पंच्याऐंशी येतात. शेजारच्या दुकानदारालाही फरक कळायचा नाही. पण भाडं, पगार, हप्ता यांपैकी एकही गोष्ट १५ टक्क्यांनी कमी होत नाही.

मग दुकानदार सेल लावतो. सेलचं गणित बहुतेकांनी कधी मांडलेलंच नसतं. सातशेला घेतलेला शर्ट हजाराला विकला तर तीनशे सुटतात. २० टक्के सूट दिली की तोच शर्ट आठशेला जातो आणि सुटतात शंभर. म्हणजे पूर्वीइतकेच पैसे मिळवायचे तर तिप्पट शर्ट विकायला हवेत. सेलची पाटी लागली की गर्दी वाढते, पण तिप्पट होते का? क्वचित.

त्या दुकानाच्या माळ्यावर मी एकदा चढलो होतो, वर्षअखेरीच्या मालमोजणीला. खोक्यांवर खोकी. कंबर २८ च्या जीन्स, तीन वर्षांपूर्वीचे फुलाफुलांचे शर्ट, एका बाजूला फक्त एक्स्ट्रा लार्ज कुर्ते. वहीत हे सगळं खरेदीच्या भावाने 'संपत्ती' म्हणून लिहिलेलं. मालक खालून ओरडला, "माल तो खूब है भिया, पैसा नहीं है." धंद्याचं दुखणं इतक्या थोडक्यात सांगणारं वाक्य मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. नफा कागदावर असतो, माल माळ्यावर असतो, आणि पाच तारखेला घरमालकाला द्यायला गल्ल्यात काही नसतं.

हे चालत राहतं ते उधारीवर. कपड्याच्या व्यापारात ठोक व्यापारी दोन-तीन महिन्यांच्या मुदतीवर माल देतो. दुकानदार तो विकून पैसे चुकवतो आणि नवा माल उचलतो. सायकल चालवण्यासारखं आहे, पॅडल थांबलं की पडणार. इथे खरा शत्रू म्हणजे कुजबुज. तुकोजीराव क्लॉथ मार्केटमध्ये एकाने दुसऱ्याला म्हटलं की "त्या पार्टीचा चेक परत आला," की आठवड्याभरात सगळे नगद मागायला लागतात. पार्टी त्या दिवसापर्यंत कदाचित वाचू शकली असती. त्या दिवसानंतर नाही.

हे काही आपल्याच बाजाराचं वैशिष्ट्य नाही. 'टॉइज आर अस' ही खेळण्यांची जगप्रसिद्ध साखळी २००५ मध्ये तीन गुंतवणूकदार कंपन्यांनी सुमारे ६६० कोटी डॉलरला घेतली. त्यातले बरेचसे पैसे कर्जाऊ होते आणि ते कर्ज साखळीच्याच डोक्यावर ठेवलं. पुढे दरवर्षी सुमारे ४० कोटी डॉलर त्या कर्जापायीच जायचे. दुकानं सुधारायला, ऑनलाइन विक्री धड उभी करायला पैसे उरेनात. सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनी दिवाळखोरीचा विचार करतेय अशी बातमी फुटली आणि माल पुरवणाऱ्यांनी रोख मागायला सुरुवात केली, तीही नाताळचा माल भरायच्या ऐन वेळी. अर्ज झाला, आणि २०१८ मध्ये अमेरिकेतली सगळी दुकानं बंद. मुलं खेळणी घेतच होती. सोप्या शब्दांत सांगायचं तर दुसऱ्याने काढलेल्या कर्जाचा हप्ता दुकानाला झेपला नाही.

म्हणून 'ऑनलाइनने खाल्लं' हे उत्तर मला अर्धवट वाटतं. ऑनलाइन विक्री धक्का देते. पण पडतं कोण? जो आधीच कर्जाने वाकलाय तो. बेड बाथ अँड बियाँड ही घरगुती वस्तूंची साखळी एप्रिल २०२३ मध्ये बुडाली. तिने २००४ पासून स्वतःचेच शेअर परत विकत घेण्यात हजार कोटी डॉलरहून जास्त पैसे घातले होते. तेवढे गल्ल्यात असते तर वाईट दोन-चार वर्षं निघाली असती.

मालाच्या जातीप्रमाणे मरणाची तऱ्हाही बदलते. सियागंजच्या किराण्याला फॅशनचा धोका नाही, साखर तीन वर्षांनीही साखरच. पण नफा रुपयामागे काही पैसे, म्हणून माल भराभर फिरला पाहिजे. चेन्नईची सुभिक्षा ही साखळी १९९७ मध्ये सुरू होऊन देशभरात सुमारे १,६०० दुकानांपर्यंत गेली. एवढ्या वेगाने दुकानं उघडली ती कर्जावर आणि पुढे पैसा येत राहील या भरवशावर. २००८ च्या मंदीत पैसा आटला आणि २००९ च्या सुरुवातीला शटर खाली आली. भाडं, पगार, पुरवठादार, सगळ्यांचं थकलेलं. डीमार्टचा रस्ता उलटा. जागा शक्यतो स्वतःच्या मालकीची, पुरवठादाराला पैसे लवकर देऊन भाव पाडून घ्यायचा, आणि दुकानं सावकाश वाढवायची. पहिलं दुकान २००२ मध्ये पवईला उघडलं आणि शेअर बाजारात कंपनी आली ती थेट २०१७ मध्ये. कंटाळवाणा रस्ता आहे, पण भाड्याची तारीखच नाही म्हटल्यावर अर्धी चिंता गेली.

इलेक्ट्रॉनिक्सची अडचण निराळी. जेल रोडवरच्या मोबाइलवाल्याला विचारा. गिऱ्हाईक फोन हातात घेऊन बघतं, दहा प्रश्न विचारतं आणि मग खिशातल्या फोनवर त्याच मॉडेलचा भाव काढून दाखवतं. माल सगळीकडे सारखाच, त्यामुळे भाव सोडून बोलायला काही नसतं, आणि नवं मॉडेल आलं की जुन्याची किंमत रात्रीत घसरते. पुस्तकं-संगीताचं दुःख आणखी खोल, तिथे वस्तूच हवेत विरली. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस फेब्रुवारी २०१६ अखेर बंद झालं आणि फोर्टातलं स्ट्रँड बुक स्टॉल २०१८ मध्ये. अमेरिकेतल्या बॉर्डर्स या पुस्तकसाखळीने तर २००१ मध्ये आपली ऑनलाइन विक्री अ‍ॅमेझॉनच्याच हाती सोपवली होती, ती २०११ मध्ये संपली. आमच्या खजुरी बाजारातली पुस्तकांची दुकानं अजून तग धरून आहेत. त्यांचं रहस्य साहित्यात नाही, शाळेच्या पुस्तकांत आणि वह्यांत आहे, जून-जुलैची गर्दी बघितली की कळतं.

सराफ्याची गोष्ट मात्र मला फार आवडते. दिवसा सोन्याचांदीची दुकानं, रात्री शटर पडली की त्यांच्याच ओट्यांसमोर भुट्ट्याचा कीस, गराडू आणि जलेबा. एकाच जागेत दिवसातून दोन धंदे. जागेचा खर्च कसा वसूल करायचा हे मॉलवाल्यांनी इथे येऊन शिकावं.

मोठी साखळी बुडते तेव्हा कायदा आणि वेळ यांचा खेळ कसा चालतो, ते बघायला बिग बाजारपेक्षा चांगलं उदाहरण आपल्याकडे नाही. किशोर बियाणींच्या फ्यूचर समूहाने २००१ मध्ये बिग बाजार सुरू केला. वाढ झाली ती कर्जावर आणि भाड्याच्या जागांवर. २०१२ मध्ये कर्जाचा भार कमी करायला पँटलून्स ही आपली कपड्यांची साखळी बिर्लांना द्यावी लागली, म्हणजे इशारा आधीच मिळाला होता. मग मार्च २०२० चा लॉकडाऊन. विक्री ठप्प, व्याज आणि भाडं चालूच. ऑगस्ट २०२० मध्ये २४,७१३ कोटी रुपयांना धंदा रिलायन्सला विकायचं ठरलं. तिथे अ‍ॅमेझॉन आडवं आलं. त्याने आदल्या वर्षी समूहाच्याच दुसऱ्या एका कंपनीत पैसे घातले होते, आणि त्या करारानुसार हा सौदा करता येत नाही असं त्याचं म्हणणं होतं. भांडण सिंगापूरच्या लवादापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं.

न्यायालयात तारखा पडत होत्या तसं इकडे भाडं थकत होतं. थकलेल्या दुकानांचे भाडेकरार रिलायन्सने घरमालकांकडून आपल्या नावावर केले आणि त्याच जागा फ्यूचरला पोटभाड्याने दिल्या. डिसेंबर २०२१ अखेर बँकांना द्यायचे ३,४९४ कोटी रुपये फ्यूचर रिटेलला, म्हणजे बिग बाजार चालवणाऱ्या समूहाच्या कंपनीला देता आले नाहीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये रिलायन्सने जागा ताब्यात घेतल्या आणि पुढे बऱ्याच ठिकाणी 'स्मार्ट बाजार'ची पाटी चढली. एप्रिलमध्ये बँकांनी विक्रीच्या सौद्याविरुद्ध मत दिलं, सौदा मोडला. बँक ऑफ इंडियाच्या अर्जावरून जुलै २०२२ मध्ये कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. पण विकायला उरलं काय होतं? साखळी-दुकानाची खरी मालमत्ता म्हणजे मोक्याची जागा, आणि ती भाडेकरारात असते. करार गेला की उरतात रॅक आणि ट्रॉल्या. धड खरेदीदार मिळाला नाही आणि जुलै २०२४ मध्ये कंपनी मोडीत काढायचा आदेश झाला.

याच्या उलट विशाल मेगा मार्ट. कर्जात गळ्यापर्यंत बुडालेली ही साखळी २०११ मध्ये टीपीजी ही गुंतवणूकदार कंपनी आणि श्रीराम समूह यांनी घेतली, तेव्हा तिची दुकानं चालू होती, जागा हातात होत्या. डिसेंबर २०२४ मध्ये तिचा ८,००० कोटींचा शेअरविक्रीचा इश्यू आला. मी तर म्हणेन, दुकान विकायचंच असेल तर दिवे चालू असताना विकावं.

आता काकूंचा प्रश्न. कंपनी बुडाली की पैसे कुणाला मिळतात? २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यात याची रांग लावून दिलीय. प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, म्हणजे एनसीएलटीत जातं. आधी कंपनी चालती ठेवून कुणी घेतंय का ते बघतात, आणि त्याला मुदत आहे, सगळं धरून ३३० दिवस. प्रत्यक्षात त्याहून लांबतं. नाही जमलं तर मालमत्ता विकून पैसे वाटायचे. रांगेत सगळ्यात पुढे ही प्रक्रिया चालवण्याचा खर्च. मग कामगारांचा दोन वर्षांचा पगार आणि तारण घेतलेल्या बँका, बरोबरीने. मग इतर कर्मचाऱ्यांचा एका वर्षाचा पगार. मग तारण न घेता कर्ज दिलेले. मग सरकार. त्यांच्या मागे बाकीची देणी, म्हणजे शर्ट पुरवणारा, झाडू पुरवणारा आणि व्हाउचर घेऊन उभ्या असलेल्या आमच्या काकू. सर्वांत शेवटी शेअरवाले. रांगेच्या शेपटीपर्यंत बहुधा काही पोचत नाही. पीएफ आणि ग्रॅच्युइटीच्या फंडातले पैसे मात्र या ढिगात धरत नाहीत, ते कर्मचाऱ्याचे कर्मचाऱ्यालाच.

रांग कागदावर असली तरी पैसे यायला किती काळ लागतो हे इंदूरला कुणी शिकवायला नको. हुकुमचंद मिल नव्वदीच्या सुरुवातीला बंद पडली. हा कायदा तेव्हा नव्हता, जुन्या पद्धतीचा शासकीय अवसायक, म्हणजे बुडालेल्या कंपनीची मालमत्ता विकून देणी वाटणारा सरकारी अधिकारी होता. कामगारांच्या देण्याचे सुमारे २२४ कोटी रुपये मार्गी लागले ते २५ डिसेंबर २०२३ ला, म्हणजे तीसहून जास्त वर्षांनी. तोपर्यंत कित्येक कामगार हयात नव्हते, त्यांच्या बायकामुलांनी पैसे घेतले.

सोन्याच्या भिशीबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण काकूंची तीही आहे. सराफांच्या योजना अकरा हप्त्यांच्या का असतात? मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालाने फेडली नाही तर कंपनी कायद्याच्या नियमांनुसार ती ठेव ठरते आणि कडक बंधनं लागू होतात. म्हणून अकरा महिने. पण अकरा महिने असोत की एक, पेढी बुडाली तर तुम्ही व्हाउचरवाल्यांच्याच रांगेत. तारण नाही, काही नाही.

आणि छोटा दुकानदार? त्याच्यासाठी ही रांगसुद्धा नाही. एनसीएलटी कंपन्यांसाठी आहे. एकट्या मालकाच्या दुकानाला नव्या कायद्यातला भाग अजून लागू झालेला नाही, तिथे १९२० चा प्रांतिक दिवाळखोरी कायदा चालतो, आणि तो वापरायला जाणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. कंपनी बुडाली तर कंपनीचं जातं. एकट्याचं दुकान बुडालं तर घर, बायकोचे दागिने, सगळं पणाला. म्हणून तो बुडत नाही, विझत जातो. आधी एक नोकर कमी, मग वरच्या रॅकवर रिकामी खोकी लावून भरल्यासारखं दाखवायचं, मग शटर उशिरा उघडायचं. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून छोट्या उत्पादकांचे पैसे ४५ दिवसांत न दिल्यास आयकरात त्या वर्षी तो खर्च मिळणार नाही, हा नियम लागला तेव्हा कापड बाजारात मोठी ओरड झाली. ज्याचं सगळं गणित नव्वद दिवसांच्या उधारीवर बेतलेलं, त्याची पॅडल मारायची जागाच अर्धी झाली. नियम उत्पादकासाठी चांगला आहे, यात वाद नाही. पण ठोक व्यापारी त्यात येत नसल्यामुळे काहींनी कारखान्याऐवजी व्यापाऱ्याकडूनच माल घ्यायला सुरुवात केली, हेही मी वह्यांत बघितलं.

अशा दुकानांची कुठे नोंद होत नाही. माळ्यावरच्या २८ नंबरच्या जीन्सवाल्या दुकानाचंही तसंच झालं. दिवाळखोरीचा अर्ज नाही, वर्तमानपत्रात बातमी नाही. एक दिवस शटरवर 'किराए से देना है' ही पाटी आणि खाली फोन नंबर. पुरवठादारांशी त्याने रुपयाला साठ पैसे असं बोलून मिटवलं आणि बाकीच्यांसाठी घराचा वरचा मजला विकला. हल्ली भावाच्या दुकानात गल्ल्यावर बसतो.

काकूंना हे सगळं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे हजार रुपयांसाठी मी मुंबईला दावा लावायचा?" दावा लावायची मुदत उलटून गेली होती, तेही सांगितलं. त्यांनी पाकीट बंद केलं, मग पुन्हा उघडलं आणि दोन्ही व्हाउचर नातवाला दिली. त्याच्या 'व्यापार' खेळातल्या पाचशेच्या नोटा हरवल्या होत्या.